राऊळांच्या इंजिनाचा कौल

"बा देवा म्हाराजा!" तातोबा राऊळ कडाडले.

"व्हय म्हाराजा!" त्यांची बहीण इंदू म्हणाली.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका हातात पाना होता, दुसऱ्या हातात तारेचा ब्रश. पाना मी खाली ठेवला. हत्यार धरून देवाला होकार देणं बरं दिसत नाही.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"आज हो जो पुण्याचो पावणो तुझ्या दारात इलेलो आसा, तेका तुझो नंबर बघूक होयो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो तुका खरवडीत, ठोकीत, तुझे फोटो काढीत. तेच्या हातसून काय चुकला-माकला तर लेकरू म्हणान पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!" हे मी जरा मनापासून म्हणालो.

"आणि तुझी परवानगी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी!"

समोर देव होता. देव म्हणजे तीनशे किलो बिडाचं, आठ सिलिंडरचं अमेरिकन मोटारीचं इंजिन. बंद पडलेल्या भातगिरणीच्या शेडमध्ये, मागच्या भिंतीला जवळजवळ टेकून, फणसाच्या दोन ओंडक्यांवर ते बसलं होतं. त्याला शेंदूर फासला होता. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं, थरावर थर, इतका की पाना लावायला नट सापडत नव्हता. दाराकडच्या बाजूला परातीएवढं गोल चाक होतं आणि त्या चाकावर चांदीचे दोन डोळे चिकटवले होते. व्ही आकाराच्या इंजिनाला दोन खांदे असतात. दोन्ही खांद्यांवर तातोबांनी पाण्यात बुडवून तगरीचं एकेक फूल चिकटवलं होतं.

आम्ही वाट बघत उभे राहिलो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं. शेडमध्ये वारा नव्हता, पंखा नव्हता, आणि मी तर श्वाससुद्धा बेतानेच घेत होतो. इंजिनातून बारीक आवाज आला. टक्. गाडी लांबून येऊन थांबली की बॉनेटखाली लोखंड निवताना येतो ना, तो. फक्त हे इंजिन तीस वर्षांपूर्वी थांबलं होतं.

माझ्या डाव्या हाताकडचं फूल सुटलं आणि खाली पडलं.

"उजवो!" तातोबा खूश झाले. "दिल्यान परवानगी."

"काका, पडलं ते डावीकडचं."

"तुझा डावा, लिमयेनु. देवाचो उजवो. समोरासमोर उभ्या रवलेल्या माणसाचो उजवो हात तुझ्या डावीकडे येता का नाय? कौल देवाच्या हातान मोजतत. आपल्या नाय."

मला हे पटलं. आमच्या धंद्यातही उजवं-डावं बघणाऱ्याचं नसतं, इंजिनाचं असतं. मी पाना उचलला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी सव्विशीत होतो आणि पुण्यातल्या धमढेरे नावाच्या गृहस्थांसाठी जुन्या मोटारींची पारख करायचो. धमढेऱ्यांकडे जमीन खूप होती. त्यामुळे जमिनीवर उभ्या करायच्या वस्तूंची त्यांना हौस होती. त्यांनी गोव्याच्या एका जुन्या खाणमालकाची अठ्ठावन्न सालची इम्पाला घेतली होती. गाडी कसली, दिवाणखानाच. पण बॉनेट उघडलं की आत टेम्पोचं डिझेल इंजिन. पेट्रोल महागलं तेव्हा खाणमालकाने मूळ इंजिन उपटून काढलं होतं. इम्पालामध्ये साधं छोटं व्ही-आठ असायचं किंवा मोठं, ज्याला बिग ब्लॉक म्हणतात ते, तीनशे अठ्ठेचाळीस घनइंचांचं. छोटं असेल तर धमढेरे उसासा टाकणार होते. मोठं असेल, आणि तेही त्याच गाडीचं, तर गाडीचं मोल एकदम काही पटींनी चढणार होतं आणि माझं नाव झालं असतं. जाम झालेलं असेल तर मात्र भंगाराच्या वजनाने.

मग एक दिवस, मूळ इंजिनासाठी आम्ही दिलेली जाहिरात वाचून, त्यांना सोनवळहून फोन आला. वेंगुर्ल्याच्या अलीकडचं गाव. बाईमाणसाचा आवाज होता. ती म्हणाली, तुमच्या गाडीचं इंजिन आमच्याकडे आहे, लवकर माणूस पाठवा. आणि ठेवून दिला.

फोनवर ती हे बोलली नव्हती की इंजिन सध्या देवाच्या पदावर आहे.

जेवताना तातोबांनी मला सगळा इतिहास सांगितला. त्यांचे वडील त्या खाणमालकाचे ड्रायव्हर. फेकून दिलेलं इंजिन त्यांनी मालट्रकमधून गावी आणलं आणि भातगिरणीला जोडलं. गिरणी दहा-बारा हंगाम चालली. मग एका दसऱ्याला इंजिन बंद पडलं, काही केल्या सुरू होईना. वडिलांनी हत्यारांची पूजा करताना त्याच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली आणि वैतागून विचारलं, "बाबा रे, पुन्हा चलतलंस काय?"

"डावो पडलो," तातोबा म्हणाले. "नाय म्हणालो. आणि खराच, परत चललो नाय. तवसून इचारतंव. गावच्या देवळात दहा लोक रांगेत, हय आपलो घरचो. अर्धा गाव येता. लग्ना ठरतत, विहिरी खणतत."

"आणि सगळं खरं निघतं?"

"विहिरीक पाणी लागूक नाय कधी," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण ती विहिरीची चूक."

इंदूमावशींनी माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला. अठ्ठावन्न-साठच्या असतील, काटक. वाढताना एक हात सारखा पोटाच्या डाव्या बाजूला दाबून धरत होत्या.

"दुसरो बांगडो उल्हासाचो," तातोबा म्हणाले. "खा तू. आमचो झील. बोटीर आसा."

"अरे वा! मुलगा मर्चंट नेव्हीत?"

"मासेमारीची बोट."

"कधी येतायत?"

"औंदा येतलो. तेच्या लग्नाक चेडू बघतंव. आता बेचाळीस वर्सांचो झालो, म्हणजे चाळिशीतलीच होयी. पूर्वी पंचविशीतल्या बघी, मगे तिशीतल्या. दर दोन वर्सांनी बघणा बदलूचा लागता."

मी हसलो. मला वाटलं, त्यांनी विनोद केला. कोणीच हसलं नाही, म्हणून मी बांगड्याकडे लक्ष वळवलं. त्या घरात विनोद नेमका कुठे संपतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी स्वतः जन्मभर विनोद करत आलेलो माणूस, तरी.

हात धुवायला विहिरीवर गेलो तर इंदूमावशी मागोमाग आल्या. पाणी घालता घालता हळू आवाजात म्हणाल्या, "तुमका फोन मीच केलंय."

"मला वाटलंच."

"तुमी ता इंजिन घेऊन जातलास मा?"

"नंबर बरोबर असेल, आणि काका द्यायला तयार असतील तर."

"दादा इकूच्या आदी कौल घेतलो. कौल काय येयत तो येव. पण तुमी मोल असा सांगा की तेका व्हय म्हणूचाच लागात." त्यांनी घागर खाली ठेवली. "माझ्या पोटात गाठ आसा, बाबा. सावंतवाडीची डॉक्टरीण म्हणता, दिवाळीच्या आत गोव्याक जाऊन काढून घे, मगे माझ्या हातात नाय. दादान तीनदा कौल लावल्यान. तीनय वेळा डावो."

"इंजिनाने ऑपरेशनला नाही म्हटलं?"

"तीनदा."

"आणि तुम्ही ऐकलं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की पाऊस पडला की तुम्ही भिजता का. "दादाच्या शबदाभायर मी कधी गेलंय नाय. आणि दादा तेच्या भायर जाणा नाय. ता घरात आसा तवसर दादा माणसांक इचारूचो नाय. डॉक्टरणीक पण नाय."

"आणि उल्हास काय म्हणतात?" मी विचारलं. मला वाटलं, बोटीवरून मुलाने बापाला एक फोन केला तर काम होईल.

इंदूमावशींनी पोहरा विहिरीत सोडला.

"वादळात गेली ती बोट," त्या म्हणाल्या. "सोळा वर्सा झाली. पाच माणसा होती. चौघांची मढी गावली. वहिनी तेच्या जन्माक मेली, मीच वाढवलंय तेका. दादा दर दसऱ्याक एकच इचारता, उल्हास येतलो काय? आणि दर दसऱ्याक उजवो पडता." मग घागर कमरेवर घेऊन म्हणाल्या, "हातावरचो साबण गेलो नाय तुमच्या."

दुपारी तातोबा आडवे झाले आणि मी शेडमध्ये शिरलो.

आधी ओळख पटवायची. शेंदराखालूनही खांद्यांवरच्या झाकणांची खालची कड दिसत होती: सरळ नाही, लाटेसारखी. छोट्या इंजिनाची झाकणं सरळ असतात. हे मोठं होतं. बिग ब्लॉक. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. मग एक प्लग कसाबसा सोडवला. तीस वर्षं बंद असलेल्या इंजिनाचा प्लग काढला की गंजाचा भुगा पडतो, कधी झुरळांचं कुटुंब निघतं. इथून ऊबदार हवा आली, आणि तिला पेट्रोलचा वास होता. जुन्या, आंबलेल्या पेट्रोलचा नव्हे. पंपावर येतो तसा ताजा.

ऊन पत्र्यावर आहे, पत्रा तापलाय, म्हणून इंजिन कोमट आहे, असं मी स्वतःला सांगितलं. वासाबद्दल काहीच सांगितलं नाही.

आता बघायचं होतं की ते जाम आहे की फिरतंय. त्यासाठी चाकाच्या कडेच्या दात्यांत पहार अडकवून चाक हलवतात. चाकावर देवाचे डोळे होते. ते काढावेत तर पाप, न काढावेत तर… मी न काढताच पहार अडकवली आणि सगळं अंग टाकलं. मला खात्री होती की पहार वाकेल.

चाक लोण्यातून फिरावं तसं फिरलं. डोळे एका बाजूला कलले, मग उभे झाले. एक वर, एक खाली. इंजिनाच्या आत आठ ठिकाणी काहीतरी सरकलं. प्लगच्या भोकावर मी अंगठा ठेवला होता. तो आत ओढला गेला, लहान मूल बोट धरतं तसा.

मी पहार काढली आणि मागे सरलो. चाक थांबलं. दोन क्षण डोळे तसेच, एक आढ्याकडे, एक जमिनीकडे. मग चाक आपलं आपण मागे फिरलं, आणि दोन्ही डोळे पुन्हा आडवे होऊन माझ्याकडे बघायला लागले.

याला शास्त्रीय कारण आहे. आत दाबलेली हवा चाकाला उलटी ढकलते. हे मला तेव्हाही माहीत होतं. शास्त्रीय कारण माहीत असताना मी शेडच्या बाहेर जाऊन एक सिगरेट ओढली आणि ती उलट्या बाजूने पेटवली.

राहिला नंबर. या इंजिनाचा नंबर पुढच्या टोकाला, उजव्या बाजूच्या पायाशी एका चपट्या जागेवर ठोकलेला असतो. आधी कारखान्याचं अक्षर, मग महिना आणि तारीख, मग कुठल्या गाडीसाठी ते. गिरणीचा पट्टा मागच्या चाकावर चढवता यावा म्हणून राऊळांच्या वडिलांनी चाक दाराकडे ठेवलं होतं, त्यामुळे मला हवं ते टोक भिंतीकडे होतं. मधे हातभर फट. मी आडवा होऊन आत शिरलो.

त्या बाजूला शेंदूर नव्हता. तिकडे कधी कोणी आलंच नव्हतं, पूजेलासुद्धा. नुसतं काळं, उघडं बीड. पण कोळिष्टकही नव्हतं. शेडच्या प्रत्येक कोपऱ्यात कोळ्यांनी पिढ्या काढल्या होत्या, आणि या फटीत एक धागा नाही. भिंतीवर, इंजिनाच्या बरोबर समोर, चुना पिवळट पडून विरला होता. तिथे कोणीतरी वर्षानुवर्षं श्वास सोडत असावं तसा. मी चपटी जागा फडक्याने पुसली. अक्षरं स्वच्छ होती. तारीख गाडीच्या जन्माच्या काही आठवडे आधीची, शेवटची अक्षरं तिच्या गिअरबॉक्सला जुळणारी. हेच ते.

टक्, इंजिन म्हणालं. अगदी कानाशी.

मी बाहेर आलो तो माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर आलो.

फोटो काढायच्या आधी मी दोन्ही खांद्यांवर चिकटपट्टी लावून बाजू लिहितो. एरवी इंग्रजीत लिहितो, पण धमढेऱ्यांना इंग्रजीत उजवी-डावी विचारली की ते आधी घड्याळ कुठल्या हातात आहे ते बघतात. म्हणून मराठीत लिहिलं: एकीकडे 'उजवी', एकीकडे 'डावी'. कॅमेरा काढला, तेवढ्यात इंदूमावशी चहा घेऊन आल्या.

"पावण्यानु, तुमी उलटा लिवलात."

"नाही हो, बरोबर आहे."

"सकाळी दादान सांगल्यान मा? देवाचो उजवो." त्यांनी बोट दाखवलं. "ह्या उजवा. तुमी तेच्यावर डावी लिवलात."

"देवाचंच लिहिलंय, मावशी. इंजिनाचं उजवं-डावं त्याच्या तोंडाकडून ठरतं. आणि त्याचं तोंड तिकडे आहे. भिंतीकडे." मी कॅमेऱ्यातून बघत होतो, आणि मला एक बरा विनोद सुचला होता, तो वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. "तीस वर्षं देव तुमच्याकडे पाठ करून बसलाय. हे डोळे तुम्ही त्याच्या पाठीला लावलेत."

कपबशीचा आवाज झाला. मी कॅमेरा खाली घेतला.

इंदूमावशींच्या हातात बशी होती, चहा बशीत होता, आणि त्या चिकटपट्ट्यांकडे बघत होत्या. ओठ हलत होते. मला माझं बोलणं उशिराने ऐकू आलं, तेव्हा कुठे मीही बघायला लागलो. समोर तोंड असतं तर त्याचा उजवा आमच्या डाव्या हाताला. पाठ असेल तर त्याचा उजवा आमच्याच उजव्या हाताला. म्हणजे इतकी वर्षं पडलेला प्रत्येक उजवा हा डावा होता.

'पुन्हा चलतलंस काय?' डावो. म्हणजे हो म्हणालं होतं. त्या कौलानंतर कोणी सुरूच करून पाहिलं नव्हतं.

मला हात लावायची परवानगी? उजवो. म्हणजे नाही म्हणालं होतं. मला माझा अंगठा आठवला.

"म्हणजे माका," इंदूमावशी म्हणाल्या, "तीनदा सांगल्यान, जा म्हणान." चेहरा असा फुलला की क्षणभर विहिरीवरची बाई ती हीच का, असं वाटलं. "जा म्हणालो हो! तीनदा!"

आणि तसाच तो चेहरा थांबला. त्यांचा पुढचा हिशेब माझ्याही लक्षात आला. दर दसऱ्याला, सोळा वर्षं, एकच प्रश्न आणि एकच फूल.

"काय जा म्हणालो?" दारात तातोबा उभे होते.

तातोबांनी पट्ट्या वाचल्या. त्यांनी वडिलांची गिरणी चालवली होती. त्यांना समजवावं लागलं नाही. ते चाकाकडे गेले, डोळ्यांकडे बघितलं, मग भिंतीकडच्या फटीकडे.

"ह्या कोणी लिवल्यान?"

"पावण्याक काय कळता!" इंदूमावशी एकदम ओरडल्या. "पुण्यात बसून इंजिना बघणारे हे! देवाचा तोंड हयच आसा. डोळे आसत थय तोंड. फाड ती पट्टी, दादा. उजवो तो उजवोच." आणि त्या स्वतःच पुढे झाल्या, पट्टी ओढायला लागल्या. एक हात अजून पोटावर होता.

मी पुढे सरकलो. "हो काका. म्हणजे, या जुन्या इंजिनांचं काही सांगता येत नाही. काही मॉडेल्समध्ये तोंड… दोन्हीकडे असतं."

तातोबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "नंबर खंयच्या बाजूक गावलो तुका?"

मी कॅमेऱ्याचं झाकण लावायला लागलो.

"लिमयेनु, खोटा बोलताना तुझे कान लाल जातत. नंबर खंय गावलो?"

"भिंतीकडे."

"बरा."

त्यांनी अंगातला सदरा सावरला आणि ते फटीत शिरले. सत्तरीला आलेला माणूस, पोट सुटलेलं. भिंतीला घासत, थांबत, आत गेले. आम्हाला त्यांचा फक्त एक खांदा दिसत होता. तीस वर्षांत पहिल्यांदा राऊळांपैकी कोणी त्याच्या समोर उभं होतं. आत इतकी शांतता होती की बाहेरच्या माडावरून झावळी सुटल्याचं ऐकू आलं. इंदूमावशींनी माझी बाही धरली होती. मला वाटतं, त्यांना ते ठाऊक नव्हतं.

तातोबा गाऱ्हाणं घालतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. मी तर होकारही तयार ठेवला होता. आतून काही आलं नाही. फक्त एकदा, टक्. आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, विचारलेल्या प्रश्नाला नव्हे तर न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं तसं.

ते बाहेर आले तेव्हा पाठ चुन्याने पांढरी झाली होती.

"इंदू, पिशी भर," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या एस्टीन गोव्याक जाव्या. मी येतंय तुझ्यावांगडा. डॉक्टरणीची चिट्टी घे."

"दादा…"

"आणि लिमयेनु, ह्या इंजिन तू घेऊन जा. मोल काय ता तुझ्या शेटीक सांग. माका सांगा नको."

"दादा, काय सांगल्यान तेणा?"

"मी काय इचारूक नाय."

"खरा सांग. काय सांगल्यान?"

"इचारूकच नाय, गे."

इंदूमावशी उंबऱ्यावर बसल्या. सोळा वर्षं आत धरून ठेवलेलं कुठून बाहेर येतं ते मला माहीत नव्हतं. ते खांद्यातून येतं. आधी खांदे हलायला लागले, आवाज नंतर आला. "गेलो रे तो," त्या म्हणाल्या. "गेलोच तो. माझ्या हातान भरवलंय तेका. तेची क्रिया नाय, दिवो नाय, काय नाय…" मग पदराने तोंड पुसून त्या एकदम व्यवहारात आल्या, जशा फक्त त्याच येऊ शकत होत्या. "आता कसा जातलंव गोव्याक? सुतक लागला. दहा दिवस घराभायर पडूचा नाय, आणि मगे तेरावो. दिवाळी तवसर येतली."

तातोबा त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. गुडघे वाजले. बहिणीकडे न बघता ते अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिले.

"सुतक बातमी कळल्यावर लागता," ते म्हणाले. "माका कोणी काय सांगूक नाय. पावण्यान इंजिनाचा तोंड खंय आसा ता सांगल्यान, तितक्याच. मी काय इचारूक नाय, म्हणान तेणा काय सांगूक नाय."

"दादा…"

"तू जा. गाठ काढ. बरी होऊन घराक ये." त्यांनी बहिणीच्या हातातली बशी घेतली आणि बाजूला ठेवली. "तवसर उल्हास बोटीर आसा."